तुडतुड्याची वंशावळ: डीएनएवरून किड्यांची नाती कशी लावतात?

मागच्या खरिपात बाबांनी व्हॉट्सॲपवर कपाशीच्या पानाचा फोटो पाठवला. पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली मुडपलेल्या, आणि शिरेजवळ एक फिकट हिरवा, पाचरीच्या आकाराचा किडा. खाली एकच ओळ होती, "तुडतुडाच ना?" मी तो फोटो किडे ओळखणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. पहिल्यांदा एक नाव आलं. फोटो थोडा कापून परत टाकला तर दुसरंच आलं. तिसऱ्यांदा तर चक्क युरोपातल्या द्राक्षवेलींवरच्या किड्याचं नाव दाखवलं. शेवटी बाबांना "हो, तुडतुडाच" एवढंच कळवलं. उत्तर चूक नव्हतं, पण त्यात सांगितलंही काही नव्हतं.

मी कीटकशास्त्रज्ञ नाही. डीएनएच्या माहितीवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे साहजिकच वाटलं, फोटोला जमत नसेल तर डीएनएला विचारू. विचारायला गेलो आणि कळलं की या किड्यांच्या नावांचा गुंता दीडशे-दोनशे वर्षं जुना आहे. डीएनएने त्यातल्या काही गाठी सोडवल्यात आणि दोन-चार नव्या मारूनही ठेवल्यात.

आधी, 'तुडतुडा' म्हणजे नेमका कोण?

आपल्याकडे उडी मारणारा, पानावर तिरपा चालणारा जवळपास प्रत्येक बारीक किडा तुडतुडाच असतो. कपाशीवरचा हिरवा, आंब्याच्या मोहरावरचा करडा, भातावरचा हिरवा, भातावरचाच तपकिरी, सगळ्यांना एकच नाव. शास्त्राच्या भाषेत यातले बहुतेक सिकॅडेलिडी नावाच्या कुळातले. या कुळात आजवर वीस हजारांहून जास्त जातींची नोंद झालीय. कीटकांच्या सगळ्यात मोठ्या कुळांपैकी हे एक आहे, आणि अजून नाव न मिळालेल्या जाती भरपूर आहेत.

पण भातावरचा तपकिरी तुडतुडा या कुळातला नाहीच! तो वेगळ्या शाखेचा. खात्री करायची असेल तर भिंगाखाली मागचा पाय बघा. खऱ्या तुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या ओळी असतात, कंगव्यासारख्या. तपकिरी तुडतुड्याच्या पायाला टोकाशी एक मोठी, हलणारी आर असते. नात्याच्या हिशोबाने बघायचं तर कपाशीवरच्या तुडतुड्याला झाडावर बसून कर्कश ओरडणारा सिकाडा जास्त जवळचा, आणि तपकिरी तुडतुडा लांबचा.

हे सगळं कुठल्या तुडतुड्यासाठी महत्त्वाचं? रस शोषून पान करपवणाऱ्यासाठी तर आहेच. पण काही तुडतुडे रोग वाहून नेतात. वांग्याचा पर्णगुच्छ हा रोग एका विशिष्ट जातीचा तुडतुडा पसरवतो. त्याच शेतात त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा तुडतुडा मात्र निरुपद्रवी असू शकतो. दोघांना एकच नाव दिलं तर रोगाचा माग लागत नाही.

जुनी पद्धत: ओळख पोटात दडलेली

तुडतुड्याच्या बऱ्याच जाती वरून बघून वेगळ्या करता येत नाहीत. रंग उन्हापावसाने बदलतो, ठिपके कधी असतात, कधी पुसट. म्हणून अभ्यासक नराच्या पोटाचं टोक कापतात, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करतात, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या जननेंद्रियाचा आकार बघतात. काटा किती, फाटा कुठे, वळण कसं, यावरून जात ठरते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातले सी. ए. विरक्तमठ यांनी अनेक दशकं हेच काम केलं; भारतातल्या तुडतुड्यांबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं अशा बारीक चित्रांवर उभं आहे. (आंब्यावरच्या एका तुडतुड्याचं नाव 'इडिओस्कोपस नागपुरेन्सिस' आहे, हे मला याच शोधात कळलं. नागपूरकरांनी अभिमान बाळगावा की नाही, ते त्यांनी ठरवावं.)

अडचण लक्षात आली का? ही पद्धत नरावर चालते. मादी हाती आली तर अनेक वंशांत फक्त वंशापर्यंतच पोचता येतं, पुढे नाही. पिल्लं असतील तर विचारूच नका. आणि शेतात नुकसान करणाऱ्यांत पिल्लांचा वाटा मोठा असतो.

साडेसहाशे अक्षरांचा बारकोड

२००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी एक सोपी कल्पना मांडली. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत मायटोकाँड्रिया असतात, त्यांना स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यातल्या 'सीओआय' या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि किराणा दुकानातल्या बारकोडसारखा वापरायचा.

हाच तुकडा का? एक तर प्रत्येक पेशीत त्याच्या प्रती भरपूर, त्यामुळे किड्याच्या एका पायातूनही पुरेसा माल मिळतो. दुसरं, तो बऱ्यापैकी वेगाने बदलतो. एकाच जातीतल्या दोन किड्यांत सहसा शेकड्याला एखाददुसरं अक्षर वेगळं असतं, वेगळ्या जातींत त्याहून बरंच जास्त. पण अमुक टक्क्यांच्या वर गेला की नवी जात, अशी ठाम रेघ कुठेही नाही. ही रेघ आहे असं समजून लिहिलेले लेख बघितले की मला जरा चीड येते.

प्रत्यक्ष काम असं चालतं: किडा तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवायचा, पाय किंवा पोट एका विकराच्या द्रावणात भिजवून डीएनए बाहेर काढायचा, पीसीआर यंत्रात तेवढ्याच तुकड्याच्या लाखो प्रती करायच्या आणि क्रम वाचून घ्यायचा. यातली सोय म्हणजे पोटाचं बाहेरचं कवच शाबूत राहतं. म्हणजे डीएनएही मिळाला आणि नराचा आकार बघायची सोयही राहिली. एकाच किड्यावर दोन्ही पुरावे. पुढची गोष्ट वाचल्यावर याचं मोल कळेल.

चहाच्या मळ्यातली तीन नावं

तैवानमध्ये 'ओरिएंटल ब्यूटी' नावाचा महागडा चहा बनतो. त्याचा मधासारखा सुगंध येतो तो तुडतुड्यामुळे. तुडतुडा कोवळी पानं शोषतो, झाड बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच कपात उतरतात. बाकी पूर्व आशियात मात्र हाच किडा चहाची मोठी कीड आहे.

"हाच" म्हणालो खरा, पण कित्येक वर्षं तसं कोणी म्हणत नव्हतं. तैवानच्या पुस्तकांत त्याचं नाव जॅकोबिआस्का फॉर्मोसाना. चीनमध्ये एम्पोआस्का व्हिटिस, म्हणजे माझ्या ॲपने दाखवलेला तोच युरोपचा द्राक्षवाला किडा. जपानमध्ये एम्पोआस्का ओनुकी. तीन देश, तीन नावं, तीन वेगळ्या कीडनियंत्रणाच्या परंपरा. चीनमधले संशोधक संदर्भ शोधताना युरोपातल्या द्राक्षबागांतले निबंध वाचत होते, आणि तीच कीड असलेल्या शेजारच्या जपानमधलं काम वेगळ्या नावाखाली पडून होतं.

२०१४ मध्ये चिनी संशोधकांनी या भागातल्या चहावरच्या तुडतुड्यांचे सीओआय आणि १६एस हे दोन तुकडे तपासून निष्कर्ष काढला की ही तीन नावं एकाच जातीची असावीत. बरं, जात एकच, पण मग खरं नाव कोणतं? इथे डीएनए गप्प बसतो. क्रम वाचून "हे दोघे एकच" एवढं कळतं, "यांचं नाव अमुक" हे कळत नाही. नाव जोडलेलं असतं ते संग्रहालयातल्या टाचणीला टोचलेल्या मूळ नमुन्याशी, ज्यावरून त्या जातीचं पहिलं वर्णन लिहिलं गेलं. म्हणून २०१५ मध्ये चिनी आणि जपानी नमुन्यांच्या नरांची तीच जुनी, पोट कापून तुलना झाली, आणि चीनचा चहावरचा तुडतुडा म्हणजे एम्पोआस्का ओनुकी हे ठरलं. द्राक्षवाल्या किड्याचा इथे काही संबंध नव्हता.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण आमच्या सॉफ्टवेअरच्या जगात सगळ्यांना वाटतं की डेटा वाढवला की प्रश्न सुटतो. इथे शेवटची गाठ सुटली ती सूक्ष्मदर्शकाखाली.

कपाशीचा तुडतुडा जगभर फिरतो तेव्हा

बाबांच्या फोटोतल्या किड्याचा संशयित क्रमांक एक म्हणजे अम्रास्का बिगुट्टुला. 'बिगुट्टुला' म्हणजे दोन ठिपकेवाला. दोन्ही पुढच्या पंखांवर टोकाकडे एकेक काळा ठिपका असतो. १९१३ मध्ये इशिदा यांनी तैवानच्या कपाशीवरून त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे कपाशी, भेंडी, वांगी या सगळ्यांवर तो असतो.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी देशभरातल्या कपाशीवरून हे तुडतुडे गोळा करून त्यांचा सीओआय तपासलाय. पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत वेगवेगळ्या जाती लपून बसल्यात का, हा प्रश्न होता. जात एकच निघाली, आणि एकाच प्रकारचा क्रम ठिकठिकाणी सगळ्यात जास्त सापडला. याचा अर्थ एका राज्यात या किडीबद्दल जे शिकलो ते दुसऱ्या राज्यात निदान तपासून बघण्यासारखं आहे.

आता पश्चिम आफ्रिकेत चला. तिथेही कपाशीवर तुडतुडे होतेच, पण स्थानिक, वेगळ्या जातीचे, आणि फार त्रास न देणारे. २०२२ च्या हंगामात मात्र बेनिन, माली, कोत दिव्वार, बुर्किना फासो या देशांत कपाशी अचानक करपली. नेहमीच्या फवारण्या चालेनात. नमुने तपासल्यावर तिथे पूर्वी नसलेला अम्रास्का बिगुट्टुला सापडला. वरून बघणाऱ्याला जुना आणि नवा दोघेही हिरवे, दोघेही तिरपे चालणारे. नाव कळल्यावर लगेच भारत-पाकिस्तानातली अनेक वर्षांची माहिती उघडली: कोणती औषधं त्याच्यावर आता चालत नाहीत, कोणत्या पिकांवर तो मुक्काम करतो, केसाळ पानांच्या वाणांवर तो कमी का येतो. २०२३ मध्ये तोच किडा पोर्तो रिकोत दिसला, २०२४ मध्ये फ्लोरिडात, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या कपाशीत पसरला. आपला घरचा किडा, आणि आता तिकडच्या कृषी विभागांची झोप उडवतोय.

बारकोड पुरत नाही तेव्हा

सीओआय जवळच्या जाती वेगळ्या करायला बरा. पण दहा कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या शाखांची नाती तो सांगू शकत नाही. वेगाने बदलणाऱ्या जागेवर एवढ्या काळात अक्षरं इतक्यांदा बदलून परत तीच होतात की जुनी खूण पुसली जाते. पाटीवर पुसून-पुसून लिहिलं की पहिलं अक्षर वाचता येत नाही, तसं.

खोल नात्यांसाठी शेकडो संथ बदलणारी जनुकं लागतात. त्याची एक पद्धत म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. हव्या असलेल्या जनुकांना चिकटतील असे डीएनएचे छोटे तुकडे तयार करतात, ते किड्याच्या सगळ्या डीएनएत सोडतात, चिकटलेलं तेवढं बाहेर ओढून वाचतात. मग सगळ्या जातींची तीच जनुकं एकाखाली एक मांडायची, आणि संगणकाने लाखो संभाव्य वंशवृक्षांपैकी या अक्षरांचं स्पष्टीकरण सगळ्यात चांगलं देणारा वृक्ष शोधायचा.

अमेरिकेतल्या इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हेचे ख्रिस डीट्रिच आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असा वृक्ष प्रसिद्ध केला. ३८८ जनुकखंड, जवळपास एक लाख अक्षरं, जगभरातल्या सव्वाशेहून जास्त जाती. निकालातली एक गोष्ट मला मजेशीर वाटली.

बाभळीच्या किंवा तुरीच्या फांदीवर काट्यासारखा दिसणारा, डोक्यावर दोन शिंगं असल्यासारखा एक किडा तुम्ही पाहिला असेल. हात लावला की टुणकन उडतो. शास्त्रज्ञांनी त्यांचं कायम वेगळं कुळ मानलं, कारण दिसतातच इतके वेगळे. डीएनएच्या वृक्षात ही शिंगवाली मंडळी तुडतुड्यांच्या शेजारी न बसता थेट तुडतुड्यांच्या आतल्या एका फांदीवर बसली! म्हणजे काही तुडतुड्यांना इतर तुडतुड्यांपेक्षा हे शिंगवाले जास्त जवळचे. २००१ मध्ये एकाच जनुकावरून याची कुणकुण लागली होती, पण तेव्हा पुरावा कच्चा होता.

आता पेच असा की एका पूर्वजाचे सगळे वंशज एका कुळात, हा वर्गीकरणाचा आजचा नियम. मग शिंगवाल्यांचं कुळ मोडून तुडतुड्यांत घालायचं, की तुडतुड्यांचं वीस हजार जातींचं कुळ तोडून अनेक कुळं करायची? दोन्हींत हजारो लेबलं आणि पुस्तकं बदलावी लागतील. सध्या व्यवहारात जुनीच नावं चालू आहेत. माझं मत विचाराल तर घाई करू नये, कारण त्याच वृक्षात काही खोल फांद्या अगदी आखूड आहेत. क्रिटेशियस काळात, डायनासोर असताना, तुडतुड्यांच्या मोठ्या शाखा एकामागोमाग एक भराभर फुटल्या. दोन फाट्यांमध्ये वेळच कमी गेला, तर त्या वेळात बदललेली अक्षरंही थोडी. शंभर जनुकं एक सांगतात, दुसरी शंभर दुसरंच. ३८८ जनुकांनीही तिथला निकाल पक्का लागत नाही.

पोटातले जुने भाडेकरू

झाडाच्या रसात साखर भरपूर, पण आवश्यक अमिनो आम्लं फार कमी. ती तुडतुड्याला पोटातले जिवाणू बनवून देतात. त्यातला 'सल्सिया' हा या किड्यांच्या पूर्वजांबरोबर सुमारे २६ कोटी वर्षांपासून राहतोय, आईकडून अंड्यातून पिल्लाकडे जातोय. म्हणून जिवाणूचा वंशवृक्ष आणि किड्याचा वंशवृक्ष एकमेकांशी बरेच जुळतात, आणि एकाचा डीएनए दुसऱ्याची साक्ष देतो. 'नासुइया' हा दुसरा जिवाणू तर इतका परावलंबी झालाय की एका तुडतुड्यातल्या त्याच्या पूर्ण जीनोममध्ये जेमतेम १ लाख १२ हजार अक्षरं उरलीत. तुलनेसाठी, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडे ४६ लाख आहेत. कपाशीचा तुडतुडा ज्या उपकुळातला आहे, त्यात मात्र हे भाडेकरू सहसा सापडत नाहीत. त्या उपकुळातले बहुतेक किडे रसवाहिनीऐवजी पानाच्या पेशीच फोडून खातात, त्यात पोषण जास्त.

आणि बाबांचा किडा?

आधी मी स्वतः उद्योग केला. सार्वजनिक डेटाबेसमधून कपाशीच्या तुडतुड्यांचे सीओआय क्रम उतरवले, एकाखाली एक मांडले, लॅपटॉपवर वृक्ष काढला. लेबल एकाच जातीचं असलेले काही क्रम भलत्याच फांदीवर जाऊन बसले. दोन तास मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधली, ती तिथे नव्हती. क्रम टाकणाऱ्यानेच किडा चुकीचा ओळखला, तर चुकीचं नाव डेटाबेसमध्ये जातं आणि पुढचा प्रत्येक जण तेच उचलतो. म्हणून ज्या क्रमामागे जपून ठेवलेला नमुना आणि ओळखणाऱ्याचं नाव आहे, तोच मी आता धरतो.

मग बाबांना सांगितलं की दहा-बारा तुडतुडे बाटलीत घालून पाठवा. फॉर्मलिनमध्ये नको, त्याने डीएनए खराब होतो. तीव्र अल्कोहोलच हवं, आणि बाटली फ्रीजमध्ये. "भाजीच्या बाजूला ठेवू का?" असं आईने विचारलं, त्याचं उत्तर मी टाळलं. ओळखीच्या एका संशोधक मैत्रिणीने ते तपासले. अकरापैकी नर तीनच होते. त्यांची पोटं बघून तिने नाव दिलं, अम्रास्का बिगुट्टुला. माद्या आणि पिल्लं मिळून आठ. त्यांतल्या सातांचा बारकोड या तीन नरांशी जुळला, म्हणून त्यांनाही तेच नाव मिळालं.

राहिलं एक पिल्लू. त्याचा क्रम तुडतुड्याचा नव्हताच, जुळत होता तो गांधीलमाश्यांच्या गटातल्या एका बारीक परजीवी माशीशी. पीसीआरला लागणारे ठरावीक तुकडे बहुतेक कीटकांना चालतात. पिल्लाच्या पोटात त्या माशीची अळी वाढत होती, आणि यंत्राने यजमानाऐवजी तिचाच डीएनए वाचला होता. मैत्रिणीच्या दृष्टीने तो नमुना बाद.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हंजे त्याले खाणारं बी हाये आपल्या वावरात. मंग ह्या आठवड्याची फवारणी थांबवतो, पानं मोजून पाहू आधी."